गाडीवर सांचणारें पाणी व झिजणारें प्लॅस्टिक

सांगलीच्या पेठेंतील हळद, तासगांवकडील बेदाणा व शिवारांत जाणारें खत ज्या लहान मालमोटारींतून वाहिलें जातें, तिला आपण पिकअप म्हणतों. पुष्कळ घरांची चूल अशा एकाच गाडीवर पेटते. व ती गाडी बहुधा कर्ज काढून घेतलेली असते. मालक इंजिनाची काळजी वाहतो, पण बाहेरच्या अंगाकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. म्हणून अंगावर पाणी सांचणें व प्लॅस्टिकचे भाग झिजणें, या दोन दोषांचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाणी सांचण्याच्या जागा मुख्यतः तीन. पहिली, पुढच्या काचेच्या पायथ्याशीं वायपरखालील जाळीच्या आंत. गाडी चिंचेखालीं किंवा कडुलिंबाखालीं उभी राहिली कीं बारीक पानें आंत पडून कुजतात, पाण्याच्या वाटा बुजतात, व पाणी चढून चालकाच्या पायांशीं येतें. दुसरी जागा हौद्याचा तळ. तेथील भोंकें भुसा व मातीनें भरतात. तिसरी जागा हौद्यांतील रबरी अंथरीखालची. वरून सर्व कोरडें दिसतें, आणि खालीं ओल टिकून राहते.

लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु एकत्र आले कीं गंज उत्पन्न होतो. त्या पाण्यांत खताचे क्षार विरघळले तर ही क्रिया अधिक जलद चालते. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो रंगास फुगवून उचलतो, व मोहरीएवढा डाग पसरत जातो. शिवाय हौद्यांत ओल राहिली तर पोत्यांतील हळदीस बुरशी येण्याचें भय असतें, आणि बुरशी आलेल्या मालास भाव कोठून मिळणार? २००५, २०१९ व २०२१ सालीं कृष्णेला महापूर आले. अशा पुरांत सांपडलेल्या गाडीच्या सांदींत गाळ बसतो, व तो ओल धरून ठेवतो.

आतां प्लॅस्टिकविषयीं. बंपर व चाकांवरील कड्या पुष्कळदां पॉलिप्रॉपिलीन या पदार्थाच्या असतात. इटलींतील शास्त्रज्ञ ज्यूलिओ नात्ता यांनीं १९५४ सालीं तो स्फटिकरूपांत सिद्ध केला, व १९६३ सालीं कार्ल त्सीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या पदार्थाचे अणु लांब सांखळ्यांनीं जोडलेले असतात. उन्हांतील अतिनील किरण व प्राणवायु या सांखळ्या तोडतात; म्हणून काळा पृष्ठभाग पांढुरका व ठिसूळ होतो. दुसरी झीज घर्षणाची. कडी सैल झाली कीं तिच्या व पत्र्याच्या मध्यें वाळू शिरते, आणि गाडीच्या हादऱ्यांनीं ती काचकागदाप्रमाणें रंग घांसते.

उपाय असे :

१. काचेच्या पायथ्याशीं व हौद्यांत तांब्याभर पाणी ओतून तें कोठून जातें हें पाहावें. जेथें थांबेल तेथील घाण हातानें काढून वाट मऊ नळीनें मोकळी करावी. टोकदार सळई खुपसूं नये. तिनें रंग खरवडतो.

२. रबरी अंथरी काढून तळ उन्हांत पुरता वाळवावा. गंज पॉलिश पेपरनें घांसून लख्ख धातु दिसूं द्यावा, मग रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा. गंजावरच रंग फासणें म्हणजे रोग झांकून ठेवणें होय.

३. नवें भोंक पाडणेंच झालें तर खालून विजेची तार किंवा इंधनाची नळी जात नाहीं, याची आधीं खात्री करावी. व भोंकाच्या कडेस रंग लावावा.

४. प्लॅस्टिक सौम्य साबणानें धुवून वाळवावें व अतिनील किरण अडविणारा लेप द्यावा. रॉकेल किंवा डिझेल पुसल्यानें चकाकी येते, परंतु संरक्षण होत नाहीं; उलट धूळ मात्र चिकटते.

५. सैल कडी काढून आंतील वाळू धुवावी, घांसलेला रंग दुरुस्त करावा, पत्र्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी व कडी घट्ट बसवावी. तडकलेली कडी बदलावी.

हें काम मृगापूर्वीं एकदां करावें. पुढें खंडेनवमीस गाडी धुवून हार घालतात, तेव्हां पुन्हां तपासावें. थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण आपण संचयाविषयीं योजतों. ती नुकसानीसही तितकीच लागू आहे. ज्यांच्या घरीं गाडी आहे, त्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुटीच्या दिवशीं वडिलांसमवेत तांब्याभर पाणी घेऊन ही परीक्षा अवश्य करून पाहावी.