तरंगत्या पाणवनस्पती: लागवडीआधी सांडव्याची सोय करा

वसई-विरारच्या हवेत तरंगत्या पाणवनस्पती वाढवणे सोपे आहे, त्यांना आवरणे मात्र कठीण. मृगाचा पाऊस तोंडावर असताना टबात, टाकीत किंवा वाडीतल्या छोट्या तळ्यात या वनस्पती ठेवणाऱ्या प्रत्येकाने आधी आवरण्याची तयारी करावी आणि मगच वाढीचा विचार करावा.

याचे कारण इथल्या जमिनीत आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि मधला भाग सखल. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाण्याला निचऱ्याची वाट उरत नाही. जुलै 2018 मध्ये वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या, ते आपण सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी अंगणातला टब, रस्त्याकडेचे गटार आणि शेजारचे बावखळ (वाडीतले तळे) यांचे पाणी एक होते. टबातले एक रोप बावखळात पोहोचले तरी पुढे सगळे बावखळ झाकायला ते पुरेसे असते.

बावखळे ही वसईच्या वाड्यांची जुनी पाणीव्यवस्था आहे. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि विहिरींना गोडे पाणी मिळते. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला याच पाण्यावर पोसले गेले. जलपर्णीने असे तळे झाकले की पाण्यात उजेड शिरत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि कुजलेल्या पाल्याचा गाळ साचून तळे उथळ होते. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. देखण्या फुलांसाठी ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोहोचली. साल्विनिया या दुसऱ्या तरंगत्या वनस्पतीने केरळमधले कालवे आणि भातखाचरे व्यापली, तेव्हा 1980 च्या दशकात ती खाणारे भुंगे ऑस्ट्रेलियातून आणून सोडावे लागले.

काय लावावे

जलपर्णी लावू नका, विकू नका, कोणाला भेटही देऊ नका. वॉटर लेट्यूस, साल्विनिया आणि ॲमेझॉन फ्रॉगबिट यांना मत्स्यपेटीवाल्यांची मागणी असते. त्या ठेवायच्याच असतील तर फक्त छताखालच्या बंदिस्त टाकीत ठेवा. उघड्या तळ्यासाठी देशी वनस्पती निवडा. देवभात हे तरंगते गवत आपल्याकडचेच आहे. कुमुदिनीची मुळे चिखलात राहतात आणि पाने पाण्यावर पसरतात, त्यामुळे ती कुंडीत लावून तळ्यात ठेवता येते. अझोलाही देशी आहे, पण तो झपाट्याने वाढतो, म्हणून त्याला वेगळा वाफा हवा.

टाकी आणि सांडवा

सरळ भिंतीच्या उघड्या टबात 200 मिलिमीटर पाऊस पडला की पाणी 20 सेंटिमीटरने चढते. कोकणात एवढा पाऊस एका दिवसात पडू शकतो. म्हणून टब काठापासून चार बोटे रिकामा ठेवला की काम झाले, असे समजू नका. काठाच्या खाली आडवा पाइप बसवून सांडवा काढा. त्याच्या आतल्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि पाणी थेट गटारात न सोडता वाळू भरलेल्या बादलीतून गाळून झाडांच्या आळ्यात सोडा. पाल्याने जाळी तुंबते, म्हणून पावसाच्या दिवसांत ती रोज पाहा. वर पारदर्शक पत्रा किंवा प्लॅस्टिकचे छप्पर असेल तर फारच उत्तम. पूर येतो अशा जागी टाक्या जोत्यावर किंवा ओट्यावर हलवा. तेही जमणार नसेल तर पावसाळ्यापुरते थोडे बियाणे घरात झाकलेल्या टबात ठेवा आणि बाकीचे काढून टाका.

पाणी आणि खत

किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होते. या बहुतेक वनस्पतींना खारटपणा सोसत नाही, पानांच्या कडा तपकिरी पडतात. पाणी मचूळ लागले तर साठवलेले पावसाचे पाणी मिसळा. नळाचे पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवून वापरा. ज्या टाकीत मासे आहेत, तिथे वेगळे खत लागत नाही. माशांची विष्ठा पुरते. पाने पिवळी पडू लागली तर पातळ द्रवखत अगदी थोडे द्या. मासे असलेल्या टाकीत शेण घालू नका. एप्रिल-मेच्या उन्हात शेडनेट लावा, पावसाळी मळभात ते काढा.

काचेच्या टाकीत

तरंगत्या रोपांची पाने वरून कोरडी राहायला हवीत. फिल्टरचा फवारा त्यांच्यावर पडला किंवा झाकणावरचे थेंब सतत गळत राहिले तर ती कुजतात. हवेच्या पंपाची नळी गोल जोडून पाण्यावर तरंगती ठेवा, रोपे त्या कड्यातच राहतील. निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कधीही झाकू देऊ नका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर आधी रोपे कमी करा.

डास आणि कीड

साचलेले पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर वॉटर लेट्यूस आणि जलपर्णीच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात. या डासांमुळे हत्तीरोग पसरतो. बंदिस्त टाकीत गप्पी मासे सोडा, पण तेही बावखळात जाऊ देऊ नका. रोपे दर आठवड्याला उचलून मुळे हलवून धुवा आणि ते पाणी झाडांना घाला. मावा पडला तर रोपे जाळीखाली काही तास बुडवून ठेवा. मावा सुटून वर येतो, तो गाळून काढा. मासे असताना कोणतेही कीटकनाशक फवारू नका. नवे रोप आणले की दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, म्हणजे गोगलगायी आणि डकवीडचे बारीक ठिपके वेळीच दिसतील.

अझोलाचा वाफा

ज्यांच्याकडे गाय, म्हैस किंवा कोंबड्या आहेत, त्यांना अझोला सर्वात उपयोगी. त्याच्या पानांत राहणारे ॲनाबिना हे जीव हवेतला नत्र धरतात, म्हणून तो प्रथिनांनी भरलेला असतो. 2 × 2 मीटरच्या खड्ड्यात जाड प्लॅस्टिक अंथरा आणि त्यावर 10 ते 15 किलो चाळलेली माती पसरा. 2 किलो शेण आणि 30 ग्रॅम सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून ओता. पाण्याची उंची सुमारे 10 सेंटिमीटर ठेवा आणि अर्धा ते एक किलो बियाणे सोडा. दहा-पंधरा दिवसांत वाफा भरतो आणि रोज सुमारे अर्धा किलो काढता येतो. शेणाचा वास जाईपर्यंत धुऊन पशुखाद्यात मिसळा. दर पाच दिवसांनी 1 किलो शेण आणि 20 ग्रॅम सुपर फॉस्फेट द्या. पावसाळ्यात या वाफ्यावर छप्पर हवेच.

काढणी, विक्री आणि विल्हेवाट

विक्रीसाठी रोपे ओल्या कागदात, हवेशीर डब्यात भरा. उन्हात बंद पिशवीत ती काही तासांत कुजतात. प्रत्येक ग्राहकाला सोबत चिठ्ठी द्या: नको झाल्यास तळ्यात, नाल्यात किंवा संडासात टाकू नये, उन्हात वाळवून मगच कुंडीत घालावे. तुम्हीही जास्तीची रोपे गटारापासून दूर, कोरड्या लादीवर पूर्ण वाळवा आणि मगच कंपोस्ट खड्ड्यात टाका. जाळी, बादली आणि हातपाय धुतल्याशिवाय दुसऱ्या तळ्याकडे जाऊ नका.

तुमच्या वाडीजवळच्या बावखळात जलपर्णी शिरली असेल, तर पाणी कमी असताना, पाऊस येण्याआधी शेजाऱ्यांनी मिळून ती मुळासकट काढावी. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून पुढच्या वर्षीही उगवलेली रोपे लगेच उपटावी लागतील. पीक किंवा पशुखाद्याविषयी शंका असल्यास डहाणू तालुक्यातल्या कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारा. तरंगत्या वनस्पतींतून चार पैसे जरूर मिळवा, पण वाडीचे गोडे पाणी गमावून नव्हे. ते एकदा बिघडले तर भरून काढेल असे कोणतेही पीक आपल्याकडे नाही.