कार्बुरेटर घरी उघडण्याआधी

चोक ओढला की गाडी चालू, चोक सोडला की बंद. कार्बुरेटरवाल्या मोटारसायकलचं हे लक्षण ज्याला कळलं, त्याला निम्मं निदान झालं असं समजायला हरकत नाही. चोक ओढल्यावर हवा कमी होते, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि इंजिन कसंबसं तग धरतं. चोक सोडला की आयडलिंगला लागणारं पेट्रोल स्लो जेटमधून यायला हवं. तिथेच वाट बुजलेली असेल तर इंजिन दम तोडतं.

माझी शंभर सीसीची गाडी पावसाळाभर राजापूरकडच्या गावी, पडवीत उभी होती. समुद्र जवळ, हवा खारट, चार महिने ऊन नाही. दसऱ्याआधी ती टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली आणि हेच लक्षण दिसलं. कार्बुरेटर साफ करणं हे घरी जमण्यासारखं काम आहे, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण त्या कामात माझा जीव मेटाकुटीला आला तो इंजिनामुळे किंवा जेटमुळे नव्हे, एका स्क्रूमुळे. म्हणून हे सगळं लिहितो आहे. घरी गाडी उघडू पाहणाऱ्यांना इंजिन कसं चालतं हे सांगणारे शंभर भेटतात, स्क्रू कसा सोडवायचा हे सांगणारा सहसा भेटत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला, त्याच्या जागी इंजेक्शन आलं. पण त्याआधीच्या गाड्या गावोगावी, शेतावर, दूधवाल्यांकडे अजून चालताहेत आणि बरीच वर्षं चालतील. हे सगळं त्या गाड्यांपुरतं आहे. इंजेक्शनच्या गाडीला निदानासाठी वेगळं यंत्र लागतं, तिथे घरच्या घरी हात घालण्यात अर्थ नाही.

कार्बुरेटरला हात लावण्याआधी सोप्या गोष्टी तपासून घ्या. प्लग काढून त्याचं टोक पाहा. काळं काजळीचं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर कमी, विटकरी-तपकिरी असेल तर बरोबर. कार्बुरेटरच्या तळाशी ड्रेनचा स्क्रू असतो. कॉक चालू ठेवून तो सैल केला की नळीतून पेट्रोल सलग यायला हवं. थेंब थेंब येत असेल तर दोष बहुधा कार्बुरेटरच्या वर आहे, टाकीत किंवा कॉकमध्ये. टाकीचं झाकण उघडून पुन्हा पाहा. झाकणाच्या हवेच्या भोकात चिखल बसला तरी पेट्रोल अडतं, आणि झाकण उघडल्याबरोबर गाडी सुरळीत चालते. या तपासणीत माझ्याकडे पेट्रोल सलग येत होतं, पण बरणीत धरल्यावर तळाशी पाण्याचा थेंब आणि गंजाचे बारीक कण दिसले. म्हणजे कार्बुरेटर उघडणं भाग होतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी अगदी कळकळीने सांगतो. हे काम घराच्या आत करू नका. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. स्वयंपाकघरातला गॅस, बाथरूममधला गीझर, देवघरातली समई, इन्व्हर्टरची बॅटरी यांतलं काहीही तिला पुरतं. उघड्या अंगणात, भरपूर वारा असेल तिथे बसा. काढलेलं पेट्रोल झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या डब्यात ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको, घरात मुलं असतात.

कार्बुरेटर गाडीवरून उतरवायला अवघड नाही. कॉक बंद, पेट्रोलची नळी सैल, वरचं झाकण फिरवून ॲक्सिलरेटरच्या वायरसकट स्लाइड आणि निडल बाहेर, मग दहाच्या पान्याने दोन बोल्ट. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः स्लाइड कुठल्या बाजूने बसली होती आणि कुठली नळी कुठे होती त्याचे.

मग आली खालची वाटी. फ्लोट ज्यात तरंगतो ती वाटी छोट्या चौफुली खाचेच्या स्क्रूंनी कार्बुरेटरच्या अंगाला जोडलेली असते. बाकीचे सुटले. शेवटचा जागचा हलेना. बारकाईने पाहिलं तर त्याच्या खाचेच्या कडा आधीच गोल झाल्या होत्या. गाडी पूर्वी ज्या गॅरेजमध्ये जात होती तिथे कुणीतरी चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून तो आवळला होता, आणि खाच खराब झालेला तोच स्क्रू तसाच ठेवला होता. वर चार महिन्यांची खारी हवा. पोलादी स्क्रू आणि हलक्या धातूचं ओतीव अंग, मध्ये ओल, की दोन्हींच्या सांध्यात पांढरा क्षार धरतो आणि आटे एकमेकांना धरून बसतात.

चुकीचा स्क्रू ड्रायव्हर म्हणजे काय ते नीट समजून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात स्टार म्हणून जो मिळतो तो फिलिप्स. अमेरिकेत १९३० च्या दशकात मोटार कारखान्यांतून तो रुजला. त्याचं टोक निमुळतं असतं आणि जोर वाढला की तो खाचेतून वर उचलला जातो. आपल्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांची घडण मात्र जपानी. त्यांच्यावरचे चौफुली स्क्रू जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएसचे असतात. ही खाच दिसायला तशीच, पण तिचा तळ आणि कोपरे वेगळे. फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, वरच्या वर टेकतो आणि कडा खातो. कित्येक जपानी स्क्रूंच्या माथ्यावर एक छोटा ठिपका असतो, ती ओळख. जेआयएसचा ड्रायव्हर आता ऑनलाइन सहज मिळतो. नाही मिळाला तर जुने फिटर फिलिप्सचं टोक ग्राइंडरवर किंचित घासून घेतात, मग तो खाचेत खोल बसतो. घरच्या हत्यारांत फक्त एकच नवं घ्यायचं असेल तर हेच घ्या, असं मी सांगेन.

अडकलेला स्क्रू सोडवायचा एक क्रम असतो. आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचं. मग ड्रायव्हर खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीने हलके, सरळ ठोके द्यायचे. त्या हादऱ्याने आट्यांतला क्षार फुटतो. मग अंगाच्या सगळ्या वजनाने खाली दाबून फिरवायचं. सत्तर टक्के जोर खाली आणि तीस टक्के फिरवण्यात, असं फिटर लोक सांगतात. आणि फिरवताना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग सोडवायच्या. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली तर पकड वाढते. हे सगळं मी केलं. स्क्रू ढिम्म.

इथे जो मोह होतो तो घातक आहे. हातोडी मारून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर इंजिनाच्या साइड कव्हरला चालतो, पण कार्बुरेटरचं अंग पातळ आणि ठिसूळ असतं, त्याचा कान तुटला की सगळा कार्बुरेटर भंगारात. ज्योतीने गरम करणं तर पेट्रोलने भिजलेल्या वस्तूच्या जवळही नको. कानशीने माथा चपटा करून पक्कड लावायची, किंवा करवतीने नवी खाच पाडायची, हे दोन उपाय अनेकजण सुचवतात. माथा उंच असेल तर ते साधतात. खाली बसलेला असेल तर साधत नाहीत, उलट पुढच्या माणसाला धरायला काही शिल्लक राहत नाही. मी थांबलो. कार्बुरेटर कापडात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे नेला.

काकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "आवो, ह्यो आधीच कुणीतरी मारलाय. जसा हाय तसा आणलासा ते बरं झालं." मग त्यांनी वाटीतलं उरलंसुरलं पेट्रोल पुसून, वाऱ्याने सगळं वाळवून, स्क्रूच्या दांड्याहून किंचित जाड ड्रिल माथ्यात बरोबर मधोमध उतरवलं. माथा निखळून बाजूला पडला. वाटी हाताने उचलली गेली. आणि जो स्क्रू रात्रभर तेल पिऊन हलला नव्हता, त्याचा उरलेला दांडा त्यांनी पकडीने अलगद फिरवून काढला. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घट्ट आवळलेल्या स्क्रूचा ताण मुख्यतः माथ्याखाली असतो. माथा गेला की तो ताण सुटतो आणि आटे एकटे फारसे झुंजत नाहीत. ड्रिल मात्र मधोमध उतरायला हवं आणि त्यासाठी हात आणि यंत्र दोन्ही हवं. घरच्या हातातल्या ड्रिलने ते करू नका.

त्यांनीच आटे टॅपने साफ करून दिले आणि सगळ्या जागी नवे एलन बोल्ट घालायला सांगितले. लांबी जुन्या स्क्रूइतकीच हवी, जास्त झाली तर भोकाचा तळ फुटतो. आट्यांना बोटाच्या टोकाएवढं ग्रीस. आणि एलन कीच्या आखूड टोकाला धरून आवळायचं, म्हणजे जोर आपोआप मर्यादेत राहतो. लांब टोकाला धरून आवळणाऱ्यांचे आटे जातात.

आतलं काम त्यामानाने सरळ होतं. वाटीच्या तळाशी पांढरी पूड आणि तांबूस गाळ, स्लो जेटचं भोक बंद. उजेडाकडे धरून आरपार दिसलं पाहिजे. त्यात तार घालू नका. जेट पितळेचं, मऊ. तारेने भोक किंचित जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल जास्त खाते आणि मग कारण सापडता सापडत नाही. कार्बुरेटर क्लीनरचा स्प्रे आणि पंक्चरवाल्याकडची हवा पुरते. स्प्रे मारण्याआधी रबराचा प्रत्येक भाग काढून ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा घाला, कारण एका भोकात मारलेली धार दुसऱ्या भोकातून तोंडावर येते. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. परत लावताना तेवढेच फेरे मागे.

मग रबरी रिंगने छळलं. वाटीच्या खाचेतली रिंग बाहेर काढली तेव्हा पेट्रोल पिऊन ती फुगली होती, परत बसवायला गेलो तर खाचेपेक्षा लांब. एका बाजूला दाबली की दुसऱ्या बाजूला उसळते. आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. अशी रिंग जबरदस्तीने चेपून वाटी आवळली तर ती चिमटते आणि पेट्रोल गळतं. उघड्यावर रात्रभर वाळू दिली तर पुष्कळदा आकसते. खरा उपाय नवी रिंग. पण स्पेअरपार्टच्या दुकानात गाडीचं नाव सांगून जे किट मिळालं त्यातली रिंग दुसऱ्याच कार्बुरेटरची निघाली. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्बुरेटर लागलेले असतात. जुनी वाटी हातात घेऊन दुकानात जा आणि काउंटरवरच रिंग बसवून बघा. शक्यतो उघडण्याआधीच किट आणून ठेवा.

जोडताना स्लाइडची बाजू चुकवू नका. तिचा तिरपा कापलेला भाग एअर फिल्टरकडे आणि खाच आतल्या खिळीवर बसायला हवी. सगळं जोडून झाल्यावर, किक मारण्याआधी, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. आतून टक असा आवाज यायलाच हवा. आवाज आला नाही तर स्लाइड वर अडकली आहे, आणि अशी गाडी चालू झाली की सुसाट सुटते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही हे तपासा. कॉक चालू करून दहा मिनिटं थांबा, खालच्या नळीतून थेंब पडत नाही ना ते पाहा.

गाळ आला कुठून, याचं उत्तर मात्र टाकीत आहे. अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर उभी राहिली की रिकाम्या भागात दमट हवेचं पाणी होतं, इथेनॉल ते शोषून घेतं, आणि पत्र्याला आतून गंज चढतो. टाकी न धुता नुसता कार्बुरेटर साफ केला तर आठवड्याभरात जेट पुन्हा बुजणार. म्हणून आधी टाकी आणि कॉकची जाळी, मग कार्बुरेटर, आणि नळीत एक छोटा फिल्टर.

गाडी काही महिने उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग तळाचा ड्रेन स्क्रू सोडून वाटी कोरडी करा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि कुठल्याही गॅरेजमधून गाडी परत घेताना त्या वाटीच्या स्क्रूंची तोंडं बघा. एखादं खराब झालेलं दिसलं तर तिथल्या तिथे नवा स्क्रू लावून मागा. तो काही रुपयांना मिळतो.