साखर वाढली म्हणून म्हावरं सोडू नका

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या मधुमेही वाचकांना एक प्रश्न हमखास पडतो : साखर वाढली, आता मासे बंद करायचे का? मुळीच नाही. हात आखडायचा आहे तो भातावर.

मधुमेह दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी शरीरात इन्सुलिन रोधकता सुरू झालेली असते. इन्सुलिन असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करत राहतं आणि ते कमी पडू लागलं की साखर चढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय की, दिसायला सडपातळ भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. तेव्हा वजनावर विसंबू नका, कंबर मोजा. पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी तपासून घ्या.

आता मासे. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. इन्सुलिन रोधकता असलेल्या 19 जणांना चार आठवडे बहुतेक प्रथिनं कॉड माशातून दिली आणि तेवढाच काळ मांस, अंडी व दुधातून. ओमेगा-3 सकट सगळी स्निग्धं दोन्ही वेळा सारखी ठेवली होती. कॉड खाताना त्यांचं शरीर इन्सुलिनला अधिक चांगली दाद देऊ लागलं. माशांचे गुण आपण नेहमी त्यांच्या तेलात शोधतो. इथे फरक पडला तो प्रथिनांमुळे. त्याआधी 2001 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातही कॉडच्या प्रथिनांनी स्नायूंमधली रोधकता रोखली होती. अर्थात 19 माणसं म्हणजे फार थोडी. मासे हे औषध आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये.

गोव्याकडे पाहा. मासे तिथे रोजचेच, तरी 2023 च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात सर्वाधिक मधुमेह गोव्यातच आढळला : प्रौढांमध्ये 26.4 टक्के. याची कारणं अनेक आहेत, पण आपलं ताटही तपासायला हवं. त्यात तांदळाची भाकरी असते, वर भाताचा ढीग, आणि मासा मात्र एक तुकडी. कालवण भात जास्त जावा म्हणूनच ओढलं जातं. प्रयोगात माशाने दुसऱ्या प्रथिनांची जागा घेतली होती. आपल्याकडे त्याने भाताची घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून भाकरी किंवा भात, एकच घ्या, तोही नेहमीच्या निम्मा. आधी मासा आणि भाजी खा, मग भाताकडे वळा. बांगडा, तारली स्वस्त आहेत आणि शंभर ग्रॅम मांसात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं देतात. ओल्या बोंबलात पाणीच फार. रवा लावून तळलेल्या ताटभर बोंबलांतून प्रथिनं वाटतात त्याहून कमी मिळतात, तेल मात्र भरपूर जातं. कालवणातला किंवा निखाऱ्यावर भाजलेला मासा उत्तम.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुकट, सोडे, सुके बोंबील निघतात. त्यांत प्रथिनं खच्चून असतात, पण खारवलेल्या सुक्या मासळीत मीठही तितकंच. रक्तदाब असेल तर ती कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका. भात कमी केल्यावर इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर एकदम उतरू शकते, म्हणून डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ताटातला मासा वाढवण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.