गणवेशातला विद्यार्थी
(द्वितीय वर्ष, कला)

माझा थोरला भाऊ सैन्यात नर्सिंग असिस्टंट आहे. बारावी विज्ञान झाल्यावर तो भरती झाला, लखनौला प्रशिक्षण घेतले, आणि त्याच्या पगारावर मी आज या महाविद्यालयात बी. ए. करीत आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. खरे म्हणजे डॉक्टर व्हायचे होते ते दादाला. ती इच्छा अजून गेलेली नाही. अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक त्याच्या पत्र्याच्या पेटीत कायम असते. गेल्या रजेत मी ते चाळले. पहिल्या तीन धड्यांची पाने मळलेली, कोपरे दुमडलेले. पुढची पाने कोरी करकरीत. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "बदली आली की पेटी बंद होते. उघडली की परत पहिल्यापासून."

त्या वाक्यामुळेच मी या विषयाच्या मागे लागले. नोकरी न सोडता सैनिकाला वैद्यकीय प्रवेशाची तयारी करता येते काय? येत नसेल तर अडते नेमके कुठे?

सैन्य आणि वैद्यक म्हटले की आपल्याला पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आठवते. त्याची स्थापना १९४८ची, एम.बी.बी.एस.चे वर्ग १९६२ पासूनचे. पण ते मुख्यतः नुकतीच बारावी झालेल्या मुलामुलींसाठी. 'नीट'चे गुण, त्यावर त्यांची स्वतंत्र निवड, शिवाय वयाची आणि अविवाहित असण्याची अट. आधीच जवान असलेल्याची तयारी करून घेणे हे त्या संस्थेचे कामच नव्हे.

अमेरिकेत मात्र नेमक्या याच कामासाठी एक अभ्यासक्रम आहे. तो समजण्यासाठी तिकडची रीत आधी पाहिली पाहिजे. तेथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते, आणि पदवी कोणत्याही विषयाची चालते. इतिहासाचा पदवीधरसुद्धा डॉक्टर होऊ शकतो! (वर्गात हे सांगितले तेव्हा मैत्रिणींना थाप वाटली.) अर्थात जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगांसह पुरे केलेले असावे लागतात. मग 'एमकॅट' ही परीक्षा. विश्रांती धरून ती साडेसात तास चालते. तिचे भाग चार, आणि गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात. एका भागात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील उतारे वाचून तर्क करायचा असतो. २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही एक भाग आहे. आपण कला शाखेचे लोक विज्ञानवाल्यांपुढे उगीच मान खाली घालून चालतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

आता तिथल्या जवानाची अडचण पाहू. संध्याकाळच्या वर्गांत जाऊन तो एखादी पदवी मिळवतो. विज्ञानाचे मात्र तसे नाही. प्रयोगशाळेत दर आठवड्याला ठरल्या वेळी हजर राहावे लागते, आणि विषय साखळीसारखे असतात. सामान्य रसायनशास्त्र झाल्याशिवाय सेंद्रिय रसायनशास्त्र घेता येत नाही, ते झाल्याशिवाय जीवरसायन नाही. सत्राच्या मध्येच दूरच्या मोहिमेवर जाण्याचा हुकूम आला की एक कडी तुटते आणि पुढचे सारे वर्ष मागे पडते. म्हणजे दिवसाचे दोन तास काढणे जमेलही. अडते ते सलग दोन वर्षे एका जागी राहण्यावर.

यावर त्यांनी काढलेला उपाय साधा आहे. बेथेस्डा येथे तेथील सैन्यदलांचे स्वतःचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ आहे. १९७२ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि १९८० मध्ये तेथून डॉक्टरांची पहिली तुकडी बाहेर पडली. या विद्यापीठाने २०१४ मध्ये पदवीधर जवानांसाठी २४ महिन्यांचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम सुरू केला. वर्ग व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठात भरतात. निवडलेल्या जवानाची नेमणूकच तेथे होते. पगार चालू, हुद्दा चालू. अभ्यास हीच ड्युटी. विज्ञानाचे विषय, एमकॅटची तयारी, डॉक्टरांचे मार्गदर्शन हे सारे त्यातच. पुढे सैन्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर तेथे शुल्क नाही, उलट अधिकाऱ्याचा पगार मिळतो. मोबदल्यात नंतर किमान सात वर्षे सेवा द्यावी लागते. तेव्हा यात कोणी कोणावर उपकार करीत नाही.

या योजनेचे नुसते कौतुक करून मला थांबवत नाही. दरवर्षी निवड होते ती मोजक्यांचीच. शिवाय पदवी आधीच हातात हवी. ती मिळवताना ज्याची पेटी वारंवार बंद झाली, तो या दारापर्यंत पोचतच नाही.

मी हे सारे दादाला फोनवर सांगितले. त्याने मध्ये एकदाच विचारले, "म्हणजे त्या दोन वर्षांत बदली नाही?"

"नाही."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने हिशेब मांडला. वर्षाची रजा ६० दिवस. गेल्या खेपेला त्यातले २० घराचे पत्रे बदलण्यात गेले, आठ बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत. 'नीट' साधारण मेच्या आरंभी असते, म्हणून यंदा मार्चपासून सलग रजा मागायची आणि घरी कोणाला काही सांगायचे नाही, असे त्याने ठरवले आहे. अर्ज दिला आहे, मंजुरी अजून आलेली नाही. जीवशास्त्राचे पुस्तक मात्र त्याने सुटीवर येणाऱ्या गावच्या एका जवानाबरोबर माझ्याकडे पाठवले. या खेपेस पहिला धडा वाचायचा नाही, चौथ्यापासून सुरुवात करायची, म्हणून पहिले तीन धडे त्याने दोरीने बांधून टाकले आहेत.