गवत राहू दे, आधी मुरमाचं बोलू

अगं, पोहण्याच्या पूलभोवती कृत्रिम गवताचं टर्फ घालायचं तुझ्या ठेकेदाराचं कोटेशन नीट वाचलं. टर्फचा प्रकार, पात्यांची उंची, चौरस फुटाचा भाव, सगळं ठळक अक्षरांत. आणि खाली एका ओळीत ‘जमीन लेव्हल करणे’. बाई, पैठण रस्त्याचं काळं रान आहे ते! तुझे पैसे वाचतील किंवा बुडतील ते त्या एका ओळीपायी.

आपली ही माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तू लहानपणापासून बघतेस. टर्फखाली हेच होणार, फक्त दिसणार नाही. दिसेल ते नंतर: कुठे फुगवटा, कुठे उसवलेला सांधा, कुठे डबकं. त्यात पूल म्हणजे बारमाही पाणी. पोरं उड्या मारणार, पाणी उडणार आणि टर्फच्या भोकांतून थेट खाली जाणार. पूलच्या भिंतीलगतची माती सतत ओली, चार पावलांवरची कोरडी. ती सगळीकडे सारखी फुगली असती तर एवढं बिघडलं नसतं. ती एका बाजूनेच उचलते.

तरी टर्फ निवडलंस ते ठीकच केलंस. फरशी घातली असतीस तर याच हालचालीने तिला तडे गेले असते. टर्फ लवचीक असतं, थोडंफार सोसतं. आणि खरी हिरवळ लावायची म्हणजे पाईप धरून मातीला रोज पाणी पाजायचं.

आता नीट ऐक. ठेकेदार म्हणेल, ‘ताई, वाळू टाकून देतो, पाणी निचरून जाईल.’ जाईल कुठे? खणलेल्या काळ्या मातीचा तळ पाणी जिरवत नाही. म्हणजे तू वाळूने भरलेली परात करून ठेवणार आणि पाणी तिच्यात बसून खालची माती फुगवत राहणार. तिथे मुरूमच हवा. मुरूम फुगत नाही आणि चांगला ठोकला की पाणीही सहज खाली सोडत नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी न फुगणाऱ्या, पण एकसंध बसणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत अभ्यासून मांडली. तिच्यामागचं तत्त्व हेच. तुला काही कालवा बांधायचा नाही. निदान फूटभर काळी माती काढ, चार-चार इंचांच्या थरांत मुरूम भर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून रोलर किंवा धुम्मस फिरवून घे. एकदम सगळा ढीग ओतून वरून रोलर फिरवला तर वरचेच काही इंच बसतात.

मुरमालाच पूलपासून बाहेर उतार दे, मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर. वर जिओटेक्सटाइल कापड, त्यावर तीन-चार इंच धुतलेली खडी, शेवटी बारीक कच. उताराच्या टोकाला चर काढून भोकांचा पाइप टाक आणि तो लांब, घराच्या पायापासून दूर नेऊन सोड. गच्चीचे पन्हाळी पाइप या बाजूला उतरत असतील तर तेही आधी वळव. आणखी एक विचार: पूल बांधताना भिंतीबाहेर जो खड्डा राहिला होता, तो कशाने भरला? खोदलेली काळी मातीच परत ढकलली असेल तर ती उकरून काढ. सगळ्यात आधी तीच खचते.

वेळेचं म्हणशील तर मे महिना नको. तेव्हा माती आक्रसून तळाला गेलेली असते, तू तिच्यावर सगळं समतल करशील आणि जूनमध्ये ती उठून बसेल. दिवाळीनंतर कर. ओल बेताची असते.

टर्फ घेताना फार डोकं खपवू नकोस. पूलच्या कडेला 25-30 मिलिमीटरची पाती पुरतात, दाट उंच गवत ओलं राहतं. मागची बाजू लॅटेक्सची नको, पॉलियुरेथेनची माग. सततच्या ओलाव्यात ती जास्त टिकते. पात्यांत भरायची सिलिका वाळू काठाजवळ अगदी कमी ठेव, नाहीतर ती पूलमध्ये उतरून फिल्टरमध्ये जाते. आणि खिळे ठोकण्याआधी पूलच्या पाइपांचा आणि वायरींचा नकाशा ठेकेदाराच्या हातात दे.

ऊन मात्र विसरू नकोस. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी टर्फवर अनवाणी पाय ठेवणं अवघड होतं. प्लास्टिकच ते! पाणी मारलं की गार होतं, पण थोड्याच वेळापुरतं. पोरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर फिकट रंगाच्या खरबरीत, सुट्या फरश्या नाहीतर एखादी शेड ठेव.

हो, आणि पावसाळ्यात ‘साफसफाईसाठी’ पूल पूर्ण रिकामा करायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. भोवतीच्या मातीत पाणी भरलेलं असताना रिकामं टाकं खालून उचललं जातं, तळाला तडा जातो.

आता कोटेशन परत पाठव आणि त्यात मुरमाची जाडी, थर, खडी, पाइप, उतार वेगवेगळ्या ओळींत लिहून माग. कुरकुर करेल, करू दे. टर्फ अंथरण्याआधी तुझ्यासमोर खडीवर चार-पाच बादल्या पाणी ओतायला लाव आणि ते पाइपच्या तोंडातून बाहेर येतं का बघ. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावरच द्यायचा, हेही त्याच कागदावर लिहून घे.