पेनीवरची लॅटिन

माझे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत तंबाखूची एक डबी सापडली आणि डबीत मूठभर ब्रिटिश चिल्लर. ती वाचायला शिकण्यात माझी बारा वर्षं गेली. त्यात जे कळलं ते लिहितो.

१. नाणं घासू नका. पहिल्याच दिवशी मी एक पेनी चिंच-मीठ लावून घासली, घरातली तांब्याची भांडी घासतात तशी. ती लखलखली, पण तिच्यावरचा कित्येक वर्षांचा काळसर थर गेला तो गेलाच. जाणकार असं नाणं लगेच बाजूला ठेवतात. आता मी नाणं कडेने धरतो आणि खिडकीशी तिरप्या उजेडात बघतो. झिजलेली अक्षरं अशा उजेडात वर येतात.

२. ‘व्ही’ दिसला तर ‘यू’ वाचून पाहा. जुन्या रोमन लिपीत दोन्हींना एकच अक्षर होतं. जॉर्ज राजाच्या लॅटिन नावात शेवटून दुसरं अक्षर ‘व्ही’ बघून मी आठवडाभर अडलो होतो.

३. तुटक अक्षरं ही राजाची बिरुदावली असते, ती सावकाश सोडवा. पाचव्या जॉर्जच्या पेनीवर नावानंतर ‘देई ग्रा’ येतं, म्हणजे देवाच्या कृपेने. पुढे ‘ब्रिट्ट ओम्न रेक्स’. ‘ब्रिट’मधला दुहेरी ‘टी’ खोदणाऱ्याची चूक नाही. लॅटिन संक्षेपात शेवटचं अक्षर दोनदा आलं की अनेकवचन समजायचं. ‘सर्व ब्रिटनांचा राजा’, म्हणजे समुद्रापलीकडचे मुलूखही त्यात आले. मग ‘फिड डेफ’, धर्मरक्षक. हा किताब आठव्या हेन्रीला १५२१ मध्ये पोप दहावा लिओ याने दिला. पुढे हेन्रीने रोमशी फारकत घेतली, पण किताब सोडला नाही. नाण्यांवर तो १७१४ पासून, पहिल्या जॉर्जच्या काळात आला.

आणि शेवटी ‘इंड इंप’. हिंदुस्थानचा सम्राट. या दोन शब्दांवर मी खूप वेळ थांबलो. आपल्या रुपयावर तेच ‘किंग एम्परर’ असं सरळ इंग्रजीत होतं. लंडनच्या भाजीवाल्याच्या हातातल्या पेनीवर मात्र आपला देश सहा लॅटिन अक्षरांत मावला होता. व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याचं १ जानेवारी १८७७ ला जाहीर झालं, पण ब्रिटनच्या स्वतःच्या नाण्यांवर ही अक्षरं १८९३ मध्ये उमटली.

४. काय नाही, तेही वाचा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या सवयीने. आजोबांच्या डबीत १९४८ ची आणि १९४९ ची पेनी होती. दोन्हींवर सहावा जॉर्ज, दोन्हींच्या मागे बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप. शेजारी ठेवल्यावर दिसलं, दुसरीवर ‘इंड इंप’ नाही. आपलं स्वातंत्र्य तिथे असं नोंदलं गेलं होतं. मी ती दोन नाणी एकाच पाकिटात ठेवली आहेत.

‘फ्रान्सचा राजा’ हा दावाही असाच गेला. तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये केलेला तो दावा इंग्लंडच्या राजांनी १८०१ पर्यंत चालवला. १७८७ च्या शिलिंगवर तो आहे, १८१६ च्या शिलिंगवर नाही. १८४९ च्या दोन शिलिंगांच्या फ्लोरिनवर तर ‘देवाच्या कृपेने’ हेच शब्द गाळले. लोक संतापले आणि १८५१ मध्ये ते परत घालावे लागले. त्या नव्या फ्लोरिनवर साल रोमन आकड्यांत, तेही वळणदार गॉथिक अक्षरांत आहे. साल नाही असं समजून ती परत करू नका.

५. राजाच्या गळ्याखाली बघा. धातू कुठून आला ते काही नाण्यांवर तिथे लिहिलेलं असतं. ‘लिमा’ (१७४५-४६) म्हणजे शत्रूच्या जहाजांवरून लुटलेली चांदी. १७२९ पासूनच्या काही गिन्यांवर ‘ईआयसी’ आहे, म्हणजे सोनं ईस्ट इंडिया कंपनीने पुरवलेलं.

६. चांदीच्या रंगावर जाऊ नका, साल बघा. ब्रिटनच्या रुपेरी नाण्यांत १९१९ पर्यंत १००० भागांत ९२५ भाग चांदी, १९२० पासून निम्मी, १९४७ पासून नेहमीच्या चलनात अजिबात नाही.

७. आपल्याकडे ज्याला गिन्नी म्हणतात ते बहुधा सॉव्हरिन, म्हणजे सोन्याचं एक पौंडाचं नाणं असतं. खरी गिनी १८१४ नंतर पाडलीच नाही. तुमच्या घरी आजीच्या गळ्यातली अशी गिन्नी असेल, तर मोडायला नेण्याआधी भिंग घेऊन बसा. घोड्यावरच्या संत जॉर्जच्या पायाशी जमिनीची रेघ आहे, तिच्याखाली साल. साल १९१८ आणि त्याच्या बरोबर वर, रेघेवर, बारीकसा ‘आय’ दिसला, तर ते नाणं लंडनचं नाही. ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं आहे, आणि अशी नाणी तिथे त्या एकाच सालाची पाडली गेली.