सुरांची सोबत

(वर्गातील एखाद्या मुलाला अपस्माराचा झटका आला तर काय करावे? संगीताने हा आजार बरा होतो का? या प्रश्नांची उत्तरे या पाठात वाचा.)

मराठीचा तास चालू होता. दुसऱ्या बाकावरचा मुलगा वाचता वाचता थांबला. त्याचे हातपाय ताठ झाले आणि अंगाला झटके येऊ लागले.

मुले घाबरली. "कांदा हुंगवा," एक म्हणाला. "चप्पल हुंगवा," दुसरा ओरडला.

मी मुलांना दूर केले. त्याला जमिनीवर कुशीवर निजवले, सदऱ्याचे वरचे बटण सोडले आणि घड्याळ पाहिले. त्याच्या तोंडात काहीही घातले नाही, हातपाय दाबून धरले नाहीत. दोन मिनिटांत झटके थांबले. पाच मिनिटांत थांबले नसते, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे लागले असते.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "सर, गाणी ऐकताना हा अगदी शांत असतो. संगीताने मिर्गी बरी होते, असे शेजारी म्हणतात. मग गोळ्या बंद करू का?"

उत्तर मलाही ठाऊक नव्हते. आम्ही तिघे परळच्या वाडिया बाल रुग्णालयात गेलो. हे रुग्णालय १९२९ पासून मुलांवर उपचार करीत आहे.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी एकमेकींना निरोप देतात. कधी कधी असंख्य पेशी एकदम निरोप पाठवू लागतात. मग झटका येतो. ही भूतबाधा नाही आणि हा आजार स्पर्शाने पसरत नाही."

"आणि संगीत?" मी विचारले.

"मोझार्ट या संगीतकाराने १७८१ मध्ये व्हिएन्ना शहरात दोन पियानोंसाठी एक रचना केली. १९९८ मध्ये शिकागोच्या डॉक्टर ह्यूज यांनी ती २९ रुग्णांना ऐकवली. २३ जणांच्या मेंदूच्या आलेखातील बिघाड कमी झालेला दिसला. पुढे तैवानमध्ये लहान मुलांवरही असे प्रयोग झाले. परंतु २०२३ मध्ये व्हिएन्नाच्याच संशोधकांनी हे सारे प्रयोग एकत्र तपासले. त्यांना पुरेसा पुरावा मिळाला नाही. क्वचित एखाद्या रुग्णाला तर संगीतानेच झटका येतो. याउलट, योग्य औषधाने १०० पैकी सुमारे ७० रुग्णांचे झटके थांबू शकतात. म्हणून गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नका."

मुलगा हळूच म्हणाला, "मग मी गाणे सोडू?"

डॉक्टर हसले. "का सोडायचे? गोळी वेळेवर घे आणि मनापासून गा. गाण्याने मनाला धीर येतो."

तो शाळेत परतला, तेव्हा त्याच्या शेजारचा मुलगा दुसऱ्या बाकावर जाऊन बसला होता. मी वर्गाला सर्व हकिगत सांगितली. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याने तराणा गायला. वर्गात आलो, तर शेजारचा मुलगा दप्तर घेऊन पुन्हा त्याच्या बाकावर बसला होता.

शब्दार्थ
अपस्मार – मिर्गी
सूक्ष्म – फार बारीक
आलेख – रेषांनी काढलेली नोंद
पुरावा – सबूत

स्वाध्याय
१. झटका आल्यावर सरांनी काय केले? काय केले नाही?
२. आईने गोळ्या बंद केल्या असत्या तर काय झाले असते?
३. शेजारचा मुलगा परत का आला असेल?